तापल्यावर गिअर न पडणारी गाडी: १९९२ च्या माझ्दा एमएक्स-५ चे प्रकरण

गाडी १९९२ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसलेली, अमेरिकेत मियाटा या नावाने विकली गेलेली आणि १९९७ पर्यंत पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक गाड्या बनलेली ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार आज जुनी झाली असली, तरी तिचा रोजचा वापर करणारे लोक पुष्कळ आहेत. या प्रकरणातले मालक त्यांपैकीच एक. गाडीचे इंजिन १६०० सीसीचे, गिअरबॉक्स पाच गिअरचा, स्टीअरिंग डावीकडे आणि मुक्काम ॲरिझोनातल्या फिनिक्सचा. या शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला होता. गाडीच्या तक्रारीचा या हवेशी संबंध असणार हे उघड होते. तो संबंध नेमका कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न होता.

तक्रार अशी होती. सकाळी गाडी नीट चालते. दुपारच्या गर्दीत, सिग्नलमागून सिग्नल घेत अर्धा-पाऊण तास गेला की उभ्या गाडीत पहिला गिअर पडेनासा होतो, जोर लावला तर कसाबसा पडतो आणि रिव्हर्स टाकताना करकर असा कर्कश आवाज येतो. महामार्गावर सलग तासभर चालवली तर मात्र काहीच त्रास होत नाही. सर्वांत वाईट अवस्था पेट्रोल भरायला दहा मिनिटे थांबून पुन्हा निघताना येते. बॉनेट उघडून तासभर उभी केली की गाडी जणू काही झालेच नाही अशी वागू लागते. याशिवाय गिअरच्या मुठीबद्दल मालकांचे वेगळे गाऱ्हाणे होते. “अहो, मूठ हातात धरवत नाही हो, आणि तिच्या बुडातून भट्टीसारखी गरम हवा पायावर येते,” असे ते म्हणाले. त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकच होत्या: गिअरचा दांडा तापतो, म्हणून आतले काहीतरी फुगते, म्हणून गिअर पडत नाही.

आधी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवून झाली होती. तिथे गिअरबॉक्सचे ऑइल बदलले गेले, फरक पडला नाही, तेव्हा सिंक्रोमेशच्या, म्हणजे गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या, कड्या झिजल्या असून गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल असा निर्णय देण्यात आला. त्यासाठी सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने इतका मोठा होता की मालकांनी दुसरे मत घ्यायचे ठरवले. हे प्रकरण माझ्याकडे आले ते या टप्प्यावर.

दांडा आणि गिअरबॉक्सचा डबा यांच्यामध्ये काय आहे

तापल्यावर गिअर अडकतो अशी तक्रार जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बऱ्याचदा ऐकू येते, पण तिचे कारण गाडीच्या बांधणीप्रमाणे बदलते. पोर्शे ९११ मध्ये गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढे असतो. दोहोंना जोडणारी लांब सळई आणि तिच्या सांध्यांतले प्लास्टिकचे बुश जुने झाले की गिअर सापडेनासे होतात. इंजिन मधोमध असलेल्या कित्येक गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जातात. त्या तापलेल्या इंजिनाजवळून नेलेल्या असल्या तर आतले अस्तर खराब होऊन केबल जड होते. अशा गाड्यांत दांडा आणि डबा यांच्यामधल्या भागांवर पहिला संशय घेणे योग्यच ठरते.

एमएक्स-५ ची गोष्ट वेगळी आहे. इथे इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याच्या लगेच मागे, आणि दांडा थेट गिअरबॉक्सच्या मागच्या भागावर बसवलेला असतो. मध्ये सळई नाही, केबल नाही. या गाडीच्या गिअरची जी तारीफ होते, मनगटाच्या हालचालीएवढ्या छोट्या झटक्यात गिअर पडतो म्हणून, तिचे श्रेय मुख्यतः या थेट बसवणीला जाते. दांड्याच्या मधला गोळा एका छोट्या ऑइल भरलेल्या कप्प्यात बसतो, खालच्या टोकाला नायलॉनची टोपी असते, आणि वर दोन रबरी बूट असतात: एक लहान, जो ऑइलचा कप्पा झाकतो, आणि एक मोठा, जो गाडीखालची गरम हवा व आवाज आत येऊ देत नाही. दांड्याकडे दोष असेल तर तो या चार-पाच वस्तूंतच असणार आणि तो इंजिन चालू असो वा बंद, दोन्ही वेळी जाणवणार. तपासाचा पहिला टप्पा यावरूनच ठरला.

दुपारी गाडी गर्दीतून फिरवून, त्रास सुरू झाल्यावर सपाट जागी उभी केली आणि क्लच दाबून पहिला गिअर टाकून पाहिला. अडला. तिथल्या तिथे इंजिन बंद केले आणि पुन्हा टाकला. अगदी अलगद पडला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा आणि रिव्हर्स, सगळे गिअर बंद इंजिनावर लोण्यासारखे पडत होते, आणि तेही दांडा हाताला चटका देत असताना. इंजिन सुरू केल्याबरोबर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या एका चाचणीने दांडा, त्याची टोपी, कप्पा आणि गिअरबॉक्सच्या आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कच्या सळया, एवढे सगळे संशयितांच्या यादीतून बाहेर गेले. तापमान तेच, दांडा तोच. बदलले ते एवढेच की इंजिन आता गिअरबॉक्सच्या शाफ्टला फिरवत नव्हते. याचा अर्थ क्लच दाबल्यावरही इंजिनाचे फिरणे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत होते. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर क्लच पूर्ण सुटत नव्हता. सिंक्रोमेशच्या कडीचे काम दोन फिरत्या भागांचा वेग जुळवणे हे आहे. एका बाजूने इंजिन सतत ढकलत असेल तर वेग जुळतच नाही, आणि वेग जुळल्याखेरीज कडी गिअर पडू देत नाही. गिअर अडणे हे अशा वेळी कडी झिजल्याचे लक्षण नसून ती आपले काम चोख करत असल्याचे लक्षण आहे. झिजलेली कडी साधारणपणे उलट वागते: ती अडवत नाही, दात खाऊन गिअर आत जाऊ देते, आणि तेही चालत्या गाडीत, ठरावीक एखाद्या गिअरला.

गिअरबॉक्सच्या ऑइलवरचा संशयही याच कारणाने टिकत नव्हता. ७५डब्ल्यू-९० प्रतीचे ऑइल थंड असताना दाट आणि तापल्यावर पातळ होते. ऑइल चुकीचे असेल तर सकाळी पहिल्या काही मिनिटांत गिअर जड पडायला हवेत आणि तापल्यावर सुधारायला हवेत. या गाडीत सकाळी दुसरा गिअर किंचित अडखळत असे, आणि हा या गिअरबॉक्सचा सर्वपरिचित स्वभाव आहे. पण मुख्य तक्रार नेमकी उलट्या दिशेची होती.

क्लच का सुटत नाही

खातरजमा म्हणून रिव्हर्सची चाचणी केली. या पाच गिअरच्या डब्यात रिव्हर्सला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे क्लच सुटला आहे की नाही हे तो लपवत नाही. क्लच दाबून काही सेकंद थांबले तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट स्वतःहून थांबायला हवा आणि रिव्हर्स आवाज न करता पडायला हवा. सकाळी तसेच घडत होते. दुपारी कितीही थांबले तरी करकर होत होती. किंबहुना जितके जास्त थांबावे तितकी ती वाढत होती, आणि या निरीक्षणाने पुढच्या तपासाला दिशा दिली.

क्लच प्लेट वाकली असेल, तिच्या मधल्या खाचा गंजून शाफ्टवर अडकत असतील किंवा फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग जाम होत असेल, तर पेडल कसेही दाबले तरी फरक पडता कामा नये. इथे फरक पडत होता. पेडल झटकन दाबून लगेच गिअर टाकला तर तो बहुतेक वेळा पडायचा. सावकाश दाबला, किंवा दाबून धरून सिग्नल सुटण्याची वाट पाहिली, तर अडायचा. आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून धरलेली गाडी काही सेकंदांनी स्वतःहून पुढे सरकू पाहायची. पेडल लागोपाठ दोन-तीनदा मारले की पुन्हा काही क्षण सगळे ठीक व्हायचे. दाब तयार होतो, पण टिकत नाही, असा याचा सरळ अर्थ होता.

इथे मालकांची एक सवय तपासाच्या उपयोगी पडली. ते गाडी पुण्यात शिकलेले, मारुती ८०० वर, आणि सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहण्याची आपल्याकडची सवय त्यांनी फिनिक्सपर्यंत आणली होती. मारुती ८०० मध्ये क्लचला वायर असते. पेडल दाबून धरले तर ताणलेली वायर ताणलेलीच राहते, ती सावकाश सैल पडत नाही. एमएक्स-५ मध्ये वायरीच्या जागी ऑइल आहे. पेडल मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, ते ऑइल पाइपातून आणि शेवटच्या रबरी होजमधून गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते, आणि तिथला दट्ट्या क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा लीव्हर, ढकलतो. न्यूट्रलमध्ये पाय काढून उभे राहणाऱ्या चालकाला हाच दोष कदाचित आणखी वर्षभर कळला नसता.

गाडी जॅक स्टँडवर घेऊन स्लेव्ह सिलिंडरची दांडी किती सरकते ते मोजले. फोर्कच्या शेजारी पोलादी पट्टी धरायची आणि आत बसलेल्या माणसाने पेडल तळापर्यंत दाबायचे, इतकी साधी ही मोजणी आहे. सकाळी थंड गाडीत दांडी सुमारे १३ मिलिमीटर सरकत होती आणि पेडल धरून ठेवले तरी जवळजवळ तिथेच राहत होती. दुपारी, गर्दीतून आल्यावर, सुरुवातीला साडेबारा मिलिमीटर, आणि पेडल वीसएक सेकंद धरल्यावर साडेनऊ. हा फरक किरकोळ वाटू शकतो, म्हणून त्याचा हिशेब करून पाहावा. या स्लेव्ह सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर आहे, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ २.८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. पूर्ण १३ मिलिमीटर सरकण्यासाठी चार घन सेंटिमीटरहूनही कमी ऑइल लागते. तीन मिलिमीटरची तूट म्हणजे एक घन सेंटिमीटरपेक्षाही कमी ऑइल, चमच्याच्या तळाशी राहील इतके, आणि तेवढ्यावर क्लच सुटणे वा न सुटणे अवलंबून असते.

उष्णता कुठून येते आणि काय करते

एका जाणकाराचे म्हणणे होते की क्लचचे ऑइल उकळत असणार. ही शंका निराधार नव्हती. ब्रेक आणि क्लचमध्ये वापरले जाणारे डॉट ३ प्रतीचे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावरचा मानक आकडा १४० अंश इतका खाली येतो. स्लेव्ह सिलिंडरही गाडीखालच्या तापणाऱ्या भागांतच बसवलेला असतो. ऑइल उकळले तर वाफेचा बुडबुडा तयार होतो, आणि बुडबुडा दाबला जातो पण दाब पुढे देत नाही.

तेव्हा तापमान मोजणे भाग होते. अवरक्त थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनिअमवर धरला तर तो खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवतो. म्हणून स्लेव्ह सिलिंडरच्या अंगावर आणि गिअरबॉक्सवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे छोटे ठिपके देऊन त्यांवर मोजणी केली. महामार्गावरून आल्यावर स्लेव्ह सिलिंडर ७५ अंशांच्या आसपास होता. गर्दीतून आल्यावर ९० च्या वर. आणि गर्दीतून येऊन इंजिन बंद करून दहा-बारा मिनिटे उभी केल्यावर १०८. पेट्रोल पंपावरून निघताना सर्वाधिक त्रास का होतो, याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे: चालती गाडी खालून वाहणाऱ्या वाऱ्याने थंड होत राहते, उभ्या गाडीत वारा थांबतो पण सायलेन्सरमध्ये साठलेली उष्णता थांबत नाही, ती आजूबाजूच्या भागांत मुरत जाते, आणि त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतरच काही काळ हे भाग सर्वांत जास्त तापतात.

पण १०८ अंशांना डॉट ३ ऑइल, अगदी मुरलेलेसुद्धा, उकळायला नको. पेडलही स्पंजासारखे मऊ झालेले नव्हते. ते सुरुवातीला घट्ट लागायचे आणि मग पायाखाली हळूहळू खचायचे. वाफ किंवा हवा असती तर पहिल्या दाबातच ते पोकळ लागले असते. उकळण्याचा तर्क मी बाजूला ठेवला. उरले ते गळणे. सिलिंडरमधल्या दट्ट्यावर रबरी वायसर असतो, जो दाबाखाली पसरून भिंतीला चिकटतो आणि ऑइल अडवतो. वायसर जुना होऊन कडक पडला आणि भिंतीवर ओरखडे असले की त्याची पकड कमी होते. थंड, दाट ऑइल त्या फटीतून सहज जात नाही. तापून पातळ झालेले जाते. शिवाय जुना रबरी होज तापल्यावर दाबाखाली थोडा फुगतो आणि त्यातही थोडे ऑइल खर्ची पडते. पहिल्याच दाबातली अर्ध्या मिलिमीटरची तूट बहुधा त्याचीच असावी.

स्लेव्ह सिलिंडरचे धूळरोधक रबर बोटाने उलटताच आतून काळसर ऑइलचे थेंब ओघळले. बॉनेटखालच्या क्लचच्या छोट्या टाकीतली पातळीही खाली गेलेली होती. बहुतेक तपास इथेच थांबतात आणि फक्त स्लेव्ह सिलिंडर बदलला जातो, कारण तो स्वस्त असतो आणि दोन बोल्टांवर निघतो. मालकांनाही तेवढेच करायचे होते. मात्र टाकीतले ऑइल काळे झाले होते, ते रबर झिजल्यामुळे, आणि स्लेव्हचे ऑइल सहसा उलट्या दिशेने टाकीपर्यंत फारसे येत नाही. त्यामुळे मास्टर सिलिंडरबद्दल शंका राहिली. ती फेडण्यासाठी गाडी तापलेली असतानाच, इंजिन बंद करून, होज गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबून बंद केला. होज तसाही बदलायचा होता, नाहीतर जुन्या होजवर असा प्रयोग करू नये. होज बंद असताना पेडल दगडासारखे घट्ट राहायला हवे होते. ते आधीपेक्षा खूपच घट्ट होते, पण धरून ठेवल्यावर किंचित खचत होतेच. मास्टर सिलिंडरमधला वायसरही ऑइल परत टाकीत जाऊ देत होता. असे गळणे बाहेर दिसत नाही आणि टाकीची पातळीही कमी होत नाही, म्हणून ते हमखास नजरेतून सुटते.

आता प्रश्न उरला होता की हे सगळे याच वर्षी का उद्भवले. उत्तर गाडीखालीच होते. गाडीचा मूळ सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) कधीतरी बदलला गेला होता, आणि त्या वेळी काढलेला उष्णतारोधक पत्रा परत बसवला गेला नव्हता. त्याच्या बोल्टांची रिकामी, गंजलेली भोके तेवढी दिसत होती. कन्व्हर्टर एरवीही फार तापतो, आणि पत्र्याशिवाय त्याची धग थेट स्लेव्ह सिलिंडर, होज आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर येत होती. जुने वायसर कदाचित पत्रा असता तर आणखी काही काळ टिकले असते. पत्रा गेल्यावर फिनिक्सच्या एका उन्हाळ्याने त्यांचा निकाल लावला.

दरम्यान मालकांना कुणीतरी सल्ला दिला होता की पेडलची दांडी लांब करून घ्या, क्लच आपोआप जास्त सुटेल. हा उपाय करू नये असे मी स्पष्ट सांगितले. पेडल वर आल्यावर मास्टर सिलिंडरमधले टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडे राहावे लागते, म्हणूनच पेडलला थोडी मोकळी हालचाल ठेवलेली असते. दांडी लांबवून ती हालचाल संपवली तर तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला परत जायला वाट राहत नाही, ते स्लेव्हवर दाब धरून ठेवते आणि क्लच प्लेट घसरू लागते. मग त्याच उन्हात उलटा आजार घेऊन गाडी परत आली असती.

दुरुस्ती

मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर आणि होज, तिन्ही एकाच वेळी नवे बसवले. होज पोलादी तारांच्या विणीचा घेतला, कारण तो फुगत नाही, आणि त्यावर उष्णता परतवणारे आवरण चढवले. ऑइल डॉट ४ प्रतीचे भरले; डॉट ३ शी ते मिसळले तरी चालते, आणि त्याचा ताज्या अवस्थेतला किमान उत्कलनबिंदू २३०, मुरल्यावरचा १५५ अंश आहे. इथे उकळण्याचा प्रश्न नव्हता, पण १०८ आणि १४० मधले अंतर या हवेत मला पुरेसे वाटत नव्हते. सिलिकोनचे डॉट ५ मात्र नावातल्या आकड्याला भुलून या व्यवस्थेत ओतू नये. उष्णतारोधक पत्रा जुन्या गाडीचे सुटे भाग विकणाऱ्याकडून मिळाला आणि स्टेनलेसच्या नव्या बोल्टांनी बसवला. जुना स्लेव्ह उघडला तेव्हा भिंतीवर ज्या पट्ट्यात दट्ट्या रोज सरकतो तेवढा भाग ओरखड्यांनी भरलेला होता. नुसता वायसर बदलण्याचे किट घातले असते, तर नवा वायसर त्या ओरखड्यांवर फार दिवस टिकला नसता.

मुठीच्या गाऱ्हाण्याचा इलाज वेगळा होता आणि तो याच वेळी केला. आसनांमधला कन्सोल काढल्यावर मोठा बूट एका बाजूने फाटलेला दिसला. त्याच फटीतून गरम हवा मालकांच्या पायावर येत होती. खालच्या लहान बुटाच्या घड्या पूर्ण चिरल्या होत्या. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दांडा वर उचलला तर कप्प्यात ऑइल नव्हतेच, तळाशी काळा, पितळेच्या रंगाची चमक असलेला चिखल होता, आणि नायलॉनच्या टोपीला उभी चीर गेली होती. हा कप्पा मुख्य गिअरबॉक्सपासून वेगळा आहे. आधीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे दोन लिटर ऑइल बदलले गेले, तरी या कप्प्यात त्यातले थेंबभरही जाणे शक्य नव्हते. चिखल पिचकारीने ओढून काढला, कप्पा फडक्याने पुसला, नवी टोपी चढवली, ८० ते ९० मिलिलिटर गिअर ऑइल ओतले आणि दोन्ही बूट नवे बसवले. दांड्याची सैल खडखड या कामाने गेली आणि गिअर टाकताना हाताला येणारी खात्री परतली, हे मालकांना सर्वांत जास्त आवडले. पण गिअर न पडण्याच्या मूळ तक्रारीशी याचा संबंध नव्हता. फक्त हे काम आधी केले असते तर तक्रार कायम राहिली असती, आणि मग गिअरबॉक्स उघडण्याच्या सल्ल्याला विनाकारण बळ मिळाले असते.

दुरुस्तीनंतर गाडी त्याच वेळेला, त्याच रस्त्यांनी, पंखा सतत चालू राहील इतक्या गर्दीतून फिरवली आणि पेट्रोल पंपावरच्या थांब्यासारखी दहा-बारा मिनिटे बंद करून उभी केली. काळ्या ठिपक्यावर स्लेव्ह सिलिंडरचे तापमान आता ८८ अंश होते. दांडी १३ मिलिमीटर सरकत होती आणि पेडल धरून ठेवल्यावरही तिथेच राहत होती. रिव्हर्स आवाज न करता पडला. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून धरलेली गाडी जागची हलली नाही. मूठ गरम लागत होती, पण धरवत होती. एवढ्या उन्हात छत उघडे ठेवले तर ती उन्हानेच तापते, आणि त्याला गाडीखाली उपाय नाही.

थंड गाडीत दुसऱ्या गिअरचे अडखळणे मात्र आहे तसेच आहे. त्या गिअरची कडी काही अंशी झिजलेली असणे या वयात स्वाभाविक आहे, आणि मालक पहिली काही मिनिटे दुसरा गिअर सावकाश टाकतात. क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागेल. कडीचे काम करायचे की नाही हे त्या वेळी ठरवायचे आहे. तोवर दर ऑइल बदलीच्या वेळी स्लेव्हचे धूळरोधक रबर उलटून ते कोरडे आहे का पाहायचे, आणि क्लचचे ऑइल दोन वर्षांनी बदलायचे, असे ठरले आहे.